पिवळ्या माशांचा पंचनामा

डॉक्टरनं सांगतलं नसतं तं आमच्या उंद्रीच्या घरात मासा आला असता तो फक्त कढईत. पण आमचे हे, रामराव, भल्ले रागीट. पंखा हळू फिरला तं पंख्यावर ओरडतील, शेजारच्याची मोटर सुरू झाली तं मोटरवर. बीपीच्या गोळ्या सुरू होत्या, पण गोळी तरी किती करंल? शेवटी चिखलीच्या डॉक्टरनं हात टेकले. म्हणे, "रामराव, घरात काचेच्या टाकीत मासे ठेवा. संध्याकाळी अर्धा घंटा नुसतं पाहत बसा. मासे उलटून बोलत नाहीत."

मी म्हटलं, उलटून तं मी पण बोलत नाही. डॉक्टरनं माह्याकडं पाह्यलं अन् चिठ्ठी लिहायले घेतली.

आता माशायचं दुकान मले एकच माहीत होतं, अन् त्या दुकानाचं नाव ह्यायच्यासमोर काढायची सोय नव्हती. दुकान होतं चिखलीतल्या प्रसेनजितचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या रुपालीनं बुलढाण्याले जाऊन त्याच्यासंग रजिस्टर लग्न केलं. पोरगा साजरा, शिकलेला, निर्व्यसनी. पण आपल्यातला नाही. तेवढ्यावरून ह्यायनं जाहीर केलं, त्यानं ह्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. लेक बापाचीच. म्हणे, तो येणार नाही तं मी पण येणार नाही. झालं! बापलेकीनं आपापला हट्ट धरला अन् मधात मी मेली. दोन दिवाळ्या मी करंज्या तळल्या अन् शेजारी वाटल्या. चार कोसांवर राहणारी माही एकुलती एक पोट्टी मले पाहायले महाग झाली.

म्हून घरी आल्याबरोबर मी रुपालीले फोन लावला. हे चिडले. मी म्हटलं, "औषध हाये ते, डॉक्टरनं लिहून देल्लं. औषध आणून देणाऱ्याले कोणी उंबरठ्यावर थांबवते का?"

रविवारी ॲपे रिक्षातून टाकी आली, तीन फूट लांब. मागून रुपाली अन् तो. रुपाली गळ्यात पडली तशी मी रडली, खोटं काऊन बोलू. हे टीव्हीसमोर बसून होते. टीव्ही बंद होता.

प्रसेनजितनं टेबलावर थर्माकोल अंथरलं, वर टाकी ठेवली, म्हणे, "मामी, ह्यात झाडं नाही लावायचे. हे आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातले मासे, खडकात राह्यतात. झाड लावलं तं उपटून फेकतात. ह्यायले दगडच पाह्यजे." अन् पिशवीतून दुकानातले गुळगुळीत दगड काढायले लागला.

हे टीव्हीकडं पाहतच मले म्हणे, "त्याले सांग, दगड विकत आणणाऱ्यानं वावर नाही पाह्यलं." अन् गाडीले किक मारून गेले. घंट्याभरानं पोतंभर काळे दगड आणून अंगणात ओतले.

प्रसेनजितनं एकेक दगड ब्रशनं घासला, साबण लावू देल्ला नाही. एकेकावर लिंबू पिळलं. फसफसला तं दगडात चुना हाये म्हणे, अन् असला तरी ह्या माशायले चालते. मंग आमच्या बोरचं पाणी घेतलं. हे पाणी असं का, तुरीची डाळ दोन घंटे शिजत नाही अन् बादलीले पांढरा थर चढते. त्यानं कागदाची पट्टी बुडवली, रंग पाह्यला अन् खूश होऊन म्हणे, "मामी, असं जड पाणी शोधून भेटत नाही! ह्या माशायसाठी तं अमृत!" माह्या लग्नाले तीस वर्षं झाले, आमच्या पाण्याची तारीफ करणारा हा पहिला माणूस.

दगड रचायची वेळ आली अन् ह्यायचा हात शिवशिवायले लागला. जन्मभर वावरात दगडाचे बांध घातलेला माणूस तो.

"त्याले सांग, असा ठेवला तं खाली येते."

"मामी, मामाले विचारा, कसा ठेवू?"

"त्याले सांग, रुंद बाजू खाली कर."

"मामी, मामाले म्हणा, मधात पोकळी ठेवा लागते. प्रत्येक माशाले आपलं बिळ पाह्यजे, नाही तं मारामारी करतात."

दोघं एकमेकांपासून तीन हातांवर उभे, अन् मी मधात. मी म्हटलं, "मी काय टेलिफोनचा खांब हाये? तुमचं तुम्ही पाहा," अन् चहा ठेवायले आत गेली. चहा घेऊन येते तं काय, दोघायचे हात कोपरापर्यंत टाकीत! बोलत कोणी नव्हतं, नुसतं बोटानं दाखवणं अन् "हं", "हं हं". दगडायची अशी साजरी कपार झाली का विचारू नका. वरून रेती टाकली, पाणी भरलं, लाइट लावला.

पण मासे काही लगेच आले नाहीत. पाणी आधी पंधरा दिवस फिल्टरमधून फिरा लागते म्हणे. पंधरा दिवस आमचे हे रोज संध्याकाळी अर्धा घंटा दगड पाहत बसले. शेजारची जयमाला आली, काचेच्या पेटीत लाइटाखाली ओले काळे दगड पाहून पाया पडून गेली. मी काही सांगतलं नाही.

पंधरा दिवसांनी मासे आले. आठ. बोटाच्या पेरायवढे, हळदीसारखे पिवळे. सुटले तसे आठही आठ फटींमधी शिरले. हे पुढं सरकून पाहत होते, खूश दिसत होते. अन् खुशीत मले म्हणे, "त्याले विचार, हे कोण्या जातीचे?"

आता वावरात आपण कपाशीले जात विचारतो, म्हशीले विचारतो. बोलायची पद्धत हाये. पण तो शब्द ह्यायच्या तोंडून निघाला, त्या पोरासमोर. रुपालीनं कपबशी खाली ठेवली. माह्या हातातलं पोह्याचं ताट तसंच राह्यलं. ह्यायचे कान लालबुंद झाले.

प्रसेनजित मात्र शांत. म्हणे, "जोहानी म्हणतात, मामा. पण पिल्लं हायत, लहानपणी ओळखू येत नाही. पिवळे दुसरेही असतात, त्यायच्या पाठीवरच्या परावर काळी रेघ असते, ते जन्मभर पिवळे राह्यतात. ह्यायले ती रेघ नाही. हे मोठे झाले का मंग..."

"त्याले सांग, समजलं मले!" हे उठलेच अन् गोठ्यात गेले. समजलं काहीच नव्हतं. शरमेनं उठले होते. तीस वर्षांत ह्या माणसाले शरमलेलं मी पहिल्यांदा पाह्यलं, अन् मले बरं वाटलं.

मंग सुरू झालं आमचं सुखाचं दिवसमान. टाकीतलं थोडं पाणी काढून नवं भरा लागते, तेव्हा दर दुसऱ्या रविवारी प्रसेनजित येई, अन् संग माही लेक. माहं गणित एवढंच होतं. टाकी हाये तं पाणी बदला लागते, अन् पाणी बदला लागते तं लेक माहेरी येते. त्या आठ माशायले मी नजर लागू देत नव्हती. ह्यायनं एकदा त्यायले ज्वारीचं पीठ टाकलं तं मी हात धरला. "उपाशी ठेवा, पण मारू नका," म्हटलं. बीपी उतरलं. हे गावात सांगत फिरायले लागले, "शुद्ध पिवळं वाण, आठात आठ." जवायासंग बोलणं मात्र माह्यामार्फतच.

पोळा झाला अन् एका सकाळी बोंब उठली. मी हातातली भाकर तव्यावर टाकून धावली. हे टाकीसमोर उभे. "पाह्य! पाह्य अवं, काळा पडला!"

खरंच एक मासा मळकट झाला होता. आठ दिवसांत तो निळा-काळा झाला, अंगावर फिक्या निळ्या रेघा. मंग दुसरा. मंग तिसरा. पाणी बदलायचा रविवार अजून आला नव्हता. बाकी पाच पिवळेधमक.

"भेसळ!" हे गरजले. "बोगस बियाणं देल्लं मले! तरी मी म्हणत होतो!" आमच्या सोयाबीनमधी दोन सालांपूर्वी अशीच भेसळ निघाली होती, तेव्हापासून ह्यायले जिकडं तिकडं बोगस दिसते. "त्याले फोन लाव. म्हणा, टाकी उचलून ने अन् पुन्हा इकडं येऊ नको."

टाकी गेली म्हणजे माही लेक गेली, हे काय मले सांगा लागत होतं? मी म्हटलं, "बोगस कोणी ठरवलं? तुम्ही?"

"पंचनामा करतो!" हे म्हणे.

कृषी सहायक हरिओम त्या दिवशी गावातल्या मोतीरामचं सोयाबीन पाहायले गावात येणारच होता. ह्यायनं त्याले बांधावरून धरून आणला. संग पंच म्हून मोतीराम अन् ह्यायचा जुना दोस्त गोविंदा. मी तेवढ्यात आतून रुपालीले फोन केला, "तुहा बाप माशायले भेसळ म्हणते, असशील तशी नीघ. त्यालेही घे."

हरिओम पोरगा हुशार. टाकी पाहून म्हणे, "काका, हे माह्या खात्यात येत नाही. मासे म्हणजे मत्स्य खातं."

"बियाणं ते बियाणं. लिहा."

चहा झाला, चिवडा झाला, मंग काय करंल बिचारा? कोरा कागद काढला. चेहरा अगदी सरकारी.

"उगवण किती?"

"शंभर टक्के. आठात आठ."

"मर? कोणी मेलं?"

"नाही."

"भेसळ?"

"आठात तीन."

"दोन ओळींतलं अंतर?" मोतीरामनं काचेवरून वीत लावून पाह्यली, पण मासे उभेच राह्यनात. तो प्रश्न सोडून देल्ला.

"बियाणं कोठून आणलं?"

"चिखलीहून."

"पिशवी, लेबल जपून ठेवलं का?"

"पिशवी पाण्याची होती. टाकून देल्ली."

"पावती?"

"नाही."

"विकत घेतलं ना पण?"

"नाही. आणून देल्लं."

हरिओमनं पेन वर उचलला. "काका, विकत घेतलं नाही तं विक्रेता कसा लिहू? फुकट कोण देते आजकाल? कोण्या नात्यानं देल्लं, ते लिहा लागते. नाही तं ह्या कागदाले काही अर्थ नाही."

दोन वर्षांत ह्यायनं नात्याचा तो शब्द तोंडातून काढला नव्हता. गावात कोणी विचारलं तं 'लेक चिखलीले असते' म्हणत, जशी काही बदलीवर गेली हाये. आता ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "मले नका विचारू. आज खांब बंद हाये."

"लिहा... ते आपलं... जवाई."

"जरा मोठ्यानं, काका," हरिओम म्हणे. त्याच्या मिशा थरथरत होत्या, मी पाह्यल्या. "पंचायले ऐकू गेलं पाह्यजे."

"जवाई हाये माहा!" हे असे ओरडले का आठही मासे दगडात शिरले. "जवाई! प्रसेनजित नाव हाये त्याचं! लिहा!"

"लिहा साहेब," मोतीराम म्हणे, "आम्ही ऐकलं," अन् दोघा पंचायनं सह्या ठोकल्या.

ऐकलं ते फक्त पंचायनंच नाही. दारात रुपाली अन् प्रसेनजित येऊन उभे होते. रुपालीचा हात तोंडावर. प्रसेनजितनं चपला काढल्या, कोणाकडं न पाहता टाकीपाशी गेला, वाकून बसला. एक काळा मासा दगडाबाहेर निघाला अन् तो हसायले लागला.

"मामा, भेसळ नाही हे. हे तिघं नर हायत. लहानपणी नर-मादी सारे पिवळेच असतात, अन् वयात आले का नर असे निळे-काळे होतात. मादी पिवळीच राह्यते. त्या दिवशी हेच सांगत होतो, तं तुम्ही उठून गेले."

"म्हणजे हे काळे अन् ते पिवळे, एकच?" ह्यायनं विचारलं. सरळ त्यालेच विचारलं. ह्यायच्या ध्यानात आलं नाही अन् मी टोकलं नाही.

"एकच, मामा. एकाच मायचे लेकरं."

गोविंदाले राहवलं नाही. "रामराव, तुम्ही पण मिशा फुटायच्या आधी गोरेच होते. ह्या शालूवहिनीले बोगस माल भेटला म्हून आम्ही कधी पंचनामा केला का?" सारे खदखदा हसले. रुपाली पण. ह्यायले रागावता येईना अन् हसता येईना. टाकीसमोर खुर्ची ओढून बसले अन् त्या काळ्या माशाकडं लय वेळ पाहत राह्यले.

हरिओमनं कागद हातात धरला. "मंग काका, तक्रारच राह्यली नाही. फाडू का?"

ह्यायनं झटकन कागदावर हात ठेवला. वरपासून खालपर्यंत वाचला. पंचायच्या सह्या पाह्यल्या.

"फाडू नका," हे म्हणे. "तक्रार खोडा. नातं राहू द्या."