तेल नाही, वात नाही

इतवारा पेठेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वालानाथ महाराजांची ज्योत म्हणे तेलावाचून, वातीवाचून जळत होती, आणि केळीचे बाग वाऱ्यावर सोडून पार देडतलाईपासून माणसं गाड्या जुंपून आली होती. संस्थानं विलीन होण्याचे दिवस. तिकडे राजे मुकाट्याने गादी सोडत होते आणि इकडे आमची मंडळी नव्या महाराजाला हौसेने गादी अंथरून देत होती. प्रभाकर मास्तरांना हसूही येईना. हायस्कुलात विज्ञान शिकवता शिकवता असले बुवा त्यांनी पुष्कळ उघडे पाडले होते. एक पळाला की दुसरा हजर. या खेपेला ते गेलेच नसते, पण त्यांची आई मथुराबाई आत महाराजांच्या खोलीत बसली होती.

"तेल माणसाला लागतं," महाराज सांगत होते. "माता तो हवा खाती है. आता तिचा नैवेद्य."

नैवेद्य पडद्यामागे, एका लोखंडी नळकांड्यातून. तेवढ्यापुरती ज्योत शांत व्हायची. पण अखंड ज्योत खंडू कशी द्यायची? म्हणून तिच्यावर पेटवलेलं निरांजन कुणीतरी सांभाळायचं. आज तो मान मथुराबाईंचा होता. वारा नको म्हणून खिडक्याही गच्च लावल्या होत्या.

महाराजांनी ज्योतीचा दिवा उचलला तसं मास्तरांना त्याचं पितळी बूड दिसलं. असा दिवा त्यांनी छिंदवाड्याकडच्या कोळशाच्या खाणीत पाहिला होता. खाणीत पेट घेणारा वायू साठलाय का, हे तपासायचं ते यंत्र. बुडाशी छोटी बाटली, तिच्यात दाबून भरलेला हायड्रोजन. ती भरायची ती उघड्यावर, आसपासचा प्रत्येक दिवा विझवून.

पडद्यामागे फुसफुस सुरू झाली. मास्तरांनी आत घुसून नळकांड्याची चावी बंद केली.

"आई, निरांजन विझव."

"काय बोलतो रे? अखंड दिवा इझवला त घरादाराचं वाटोळं व्हतं."

लोक अंगावर आले. मास्तर वाद घालायला थकले होते. त्यांनी खिडक्या उघडल्या, नळकांडं अंगणात नेलं, शेजारच्या सोजरबाईंकडून रिठ्याचं पाणी मागवलं आणि त्यात वायू सोडला. फेस आला. पळीभर फेस घेऊन ते लांब कोपऱ्यात गेले आणि पेटती काडी लावली. फट्कन जाळ झाला. पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर पडली.

"हा पळीभर. तिथे बंद खोलीत आढ्याला साठणार होता, आणि खाली तू निरांजन घेऊन."

उंबऱ्याशी आलेल्या मथुराबाईंनी पळीकडे पाहिलं. मग त्यांनी चिमटीत धरून वात विझवली.

पुढचं सोपं होतं. मास्तरांनी विडी-उदबत्तीसुद्धा विझवायला लावली, बाटली नळकांड्याला लावून त्या जोडावर रिठ्याचं पाणी सोडलं. बुडबुडे आले तिथे आटे आवळले आणि बाटली हळूहळू भरली. नळकांडं दूर ठेवून, पुन्हा बुडबुडे येत नाहीत हे पाहून काडी लावली. मंत्र नाही, नैवेद्य नाही, तरी ज्योत जळू लागली.

"हेच तर मी सांगत होतो," महाराज म्हणाले.

मास्तर दमून ओट्यावर टेकले. इतक्यात गर्दीतून कौतिक शेतकरी पुढे झाला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागला. "मास्तर, तुमच्याच अंगी शक्ती हाये."

मास्तरांनी पाय मागे घेतले. बोलल्या मथुराबाई.

"पाया नको पडू, कौतिक. घरी जाय न् आधी खिडक्या उघड."