मामाची मांडी

गहिनीनाथ हे लिहिणारच नव्हता. पण अनिमेष सगळीकडं सांगत सुटलाय की बोकड दोघांनी मिळून घेतला. दोघांनी! मग म्हटलं, होऊन जाऊ दे, खरं काय ते एकदा टाईप करूनच टाकू.

त्या दिवशी गहिनीनाथच्या भाच्याचं जावळ होतं. नेवाशाच्या पुढं, प्रवरेच्या काठाला त्याच्या ताईची, ज्ञानेश्वरीची वस्ती. पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, मगच पहिले केस काढायचे. आणि मामा म्हणजे हा एकटाच. बारशाला कंपनीनं सुट्टी दिली नव्हती, तेव्हापासून ताई धड बोलत नव्हती. आता फोनवर एवढंच म्हणाली, "बाराच्या आत ये. न्हाई आलास तर ह्यांच्या चुलतभावाच्या मांडीवर बसवते. मग मामा म्हणून तोंड दाखवू नको."

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं एकट्यानं निघावं. ह्यानं अनिमेषला मागं बसवलं.

अनिमेष नगरातला शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद. "मस्त राईड होईल रे, घाट, नदी," म्हणाला. इमामपूरच्या घाटात खरंच झकास वाटलं. गार वारं, खाली धुकं, कडेला पिवळं गवत. अनिमेषनं गाडी थांबवायला लावली. फोटो. पुढच्या वळणावर परत फोटो.

"अन्या, जावळाला चाललोय. लग्नाचा अल्बम काढायला न्हाई."

"दोनच मिनिटं रे."

घोडेगावात नेमका जनावरांचा बाजार. टेम्पो आडवे-तिडवे, गाडी पुढं सरकेना. गहिनीनाथ ओरडून ओरडून वाट मागतोय आणि मागं बघतो तर सीट रिकामी.

अनिमेषसाहेब शेळ्यांच्या रांगेत. एका व्यापाऱ्याच्या उपरण्याखाली एक हात, दुसऱ्या हातानं व्हिडिओ. तोंडानं आकडा न काढता उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. व्यापाऱ्यानं त्याची बोटं धरली, ह्यानंही हसत हसत दाबली. व्यापाऱ्यानं उपरणं झटकलं आणि काळ्या बोकडाचं दावं ह्याच्या हातात दिलं.

"झाला सौदा!"

"अहो, मी नुसतं बघत होतो."

"डोळ्यानं बघत्यात पाव्हणं, बोटानं न्हाई."

माणसं जमली. गहिनीनाथनं हात जोडले. "नगरचा हाय वो, त्याला कळत न्हाई."

"कळत न्हाई तर हात खिशात ठिवायचा."

बाजारात दिलेला हात मागं घेता येत नाही, हे गहिनीनाथलाही ठाऊक होतं. शेवटी अनिमेषनं गपचूप मोबाईलवरून पैसे दिले.

"दे आता कुणाला तरी, निघू."

"देऊ कसा? घेतलाय ना मी!"

झालं. बोकड अनिमेषच्या मांडीवर, जॅकेटात गुंडाळलेला. त्याचं तोंड बरोबर गहिनीनाथच्या कानाशी. वाटभर बें बें.

"काळीज किती धडधडतंय रे ह्याचं. हळू चालव ना."

"हळू? माझं काळीज बघ की जरा!"

पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, बाजूनं निघायला जागा नाही. नदीचं पाणी उन्हात नुसतं चमकत होतं. फोटो काढायला अनिमेषचा हात मोकळा नव्हता, एवढंच काय ते समाधान.

वस्तीवर पोचले तेव्हा चुलतभाऊ मांडी घालून बसलेला. पोर त्याच्या मांडीवर बोंबलतंय. न्हाव्यानं वस्तरा हातात घेतलेला.

"थांबा!" ताई ओरडली. मग गहिनीनाथकडं वळली. "कुठं मेला हुतास?"

तेवढ्यात मागून बें. ताईचे सासरे आप्पासाहेब उठूनच उभे राहिले. "आरं, मामानं बोकड आणला! ह्याला म्हणत्यात मामा! चुली पेटवा रं!"

ताईचा चेहरा फुलला. "बारशाची भरपाई व्हय रं?"

कितीतरी दिवसांनी ती अशी सरळ बघत होती. गहिनीनाथनं उघडलेलं तोंड मिटलं आणि जाऊन बसला. पोर मांडीवर आलं. वस्तरा लागला, पहिली बट पडली.

समोर बाभळीखाली अनिमेष बोकडाला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेला. दाजी दावं धरून उभे. "द्या पाव्हणं."

"गहिन्या..." एवढंच म्हणाला तो. डोळे भरलेले.

सकाळपासून ह्याच माणसानं जीव खाल्ला होता. आणि आता हे डोळे! गहिनीनाथनं कपाळावर हात मारला.

"दाजी, सोडा त्याला. ताई, मी न्हाई आणला बोकड. ह्या येड्यानं चुकून घेतला."

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. ताई मात्र हसली नाही.

"म्हंजी तू रिकाम्या हातानंच आलास."

"व्हय."

ताईनं पदरानं पोराच्या मानेवरचे केस झटकले. "बस नीट. मांडी हलवू नको. आप्पा, कोंबड्या बघा."

मांडीवर पोर, पोराच्या डोक्यावर वस्तरा, उठायची सोय नाही. गहिनीनाथ बसल्या जागेवरून ओरडला, "अन्या, न्हाई कापू देत! शब्द हाय माझा. आन् ह्यो दुसरा शब्द बी ऐक, पुढच्या येळी तुझे दोन्ही हात बांधल्याबिगर तुला गाडीवर घेनार न्हाई!"