उलटं वारं

हिंमतरावांच्या मिरची दळायच्या कारखान्यात त्या दिवशी दळण बंद होतं आणि अर्धं धाड गाव आत होतं. आठवडी बाजाराला आलेली माणसंही पिशव्यांसकट घुसली होती. भिंतीतला भला मोठा जुना पंखा आतली धूळ बाहेर फेकायचा. आठवडाभरापासून तो बाहेरचं वारं आत ओढत होता. तिखटाच्या धुळीनं बायका खोकून बेजार झाल्या. तिथंच कामाला असलेली, दमा असलेली महामाया तर गिरणीपाशीच कोसळली. एवढं झाल्यावर महाराज यायला कितीसा वेळ लागतो?

"या बाईच्या अंगात वारं हाय!" वायुनाथ महाराज गरजले. "तेच पंख्यात शिरलं! इले कामावरून काढा. अमावस्येच्या अमावस्येले पूजा करा. नवा पंखा नको, मिस्त्री नको!"

शेवटचे पाच शब्द हिंमतरावांना साखरेसारखे गोड लागले. पाती झिजली, नळकांडं धुळीनं तुंबलं, आता डागडुजी पुरे, पंखाच बदला, असं मतीन मिस्त्री कधीचा सांगत होता. हिंमतराव मात्र आज-उद्या करत बसले होते. देवाच्या नावानं आळस खपत असेल तर कोणाला नको असतो?

त्यांची सून रुपाली हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिची नजर महाराजांवर नव्हती, महामायावर होती. नवऱ्यामागं दोन पोरींचं पोट या कामावर चाललेलं, आणि ती बाई निमूटपणे आपला डबा पिशवीत भरत होती. रुपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोळे मिटा! जो उघडन त्याले वारं धरन!" महाराजांनी फर्मावलं.

सगळ्यांनी मिटले. रुपालीनं नाही. महाराजांचा चेला कडूबा लिंबू घेऊन स्टार्टरच्या पेटीपाशी गेला. त्यानं मेन स्विच पाडला आणि खिशातून स्क्रू फिरवायचा पेचकस काढला. लिंबू ठेवायला पेचकस!

मग पंखा सुरू झाला. धूळ भराभर बाहेर! जयजयकार झाला, हिंमतरावांनी लोटांगण घातलं.

"मामाजी," रुपालीनं विचारलं, "मागच्या हप्त्यात लायनीची डीपी जळाली, नवी बसवली. तवा आपल्या विहिरीवरची मोटर कशी फिरे?"

"उलटी. पानीच नाही फेके."

"मंग कोनता महाराज बलावला?"

"महाराज कायले? दोन वायरी आलटूनपालटून..." बोलता बोलता हिंमतरावांनी वळून पंख्याकडे पाहिलं.

"हा पंखा बी त्याच डीपीवर हाय. कडूबानं पेचकसानं तेच केलं. तुमी बी वायरी बदलून पाहा आता."

"हात लावसान तं भस्म व्हसान!" महाराज ओरडले. पण जन्मभर हेच करत आलेल्या हिंमतरावांनी मेन स्विच पाडून दोन वायरी बदलल्या. पंखा सुरू होताच नळकांड्यातली तिखट धूळ भसकन आत आली. सगळ्यांत आधी शिंकत, डोळे चोळत दाराकडे पळाले ते महाराज, आणि त्यांच्यामागं कडूबा.

"महाराज, तुमालेच वाऱ्यानं धरलं वाटते!" बाजारातल्या गौसियाबी ओरडल्या.

हिंमतरावांनी वायरी पुन्हा सरळ केल्या. मान खाली घालून ते म्हणाले, "झालं ना आता? चालते पंखा."

"चालते, पन दम नाही त्याच्यात," रुपाली म्हणाली. "झिजल्या पात्यांनं मिरचीची धूळ निंगत नाही, मामाजी. बाईच निंगून जाईन एखाद्या दिवशी."

हिंमतरावांनी मतीनला फोन लावला. "नवाच बसव बा, नळकांड्यासकट. तोवर दळन बंद." मग ते महामायाकडे वळले. "चुकलं माहं, बाई. नवा पंखा बसला की कामावर ये."

"माह्या अंगात वारं नोतं जी," ती म्हणाली. "मिरची होती."

लोकहो, शेतातली मोटर उलटी फिरली तर तुम्ही वायर तपासता. गावात पंखा उलटा फिरला की विधवा बाई धरता. डोकं तेच आहे ना? मग ते गावातही वापरा. देवळाबाहेर काढून ठेवायला ते काही चप्पल नाही.