पटावरची नावं

जसोदाबाईंनी उखाच्या हातगाडीवरचा मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला आणि नेऊन ओट्यावर ठेवला. परत फिरून त्या खालच्या सीपीयूच्या खोक्याला हात घालू लागल्या.

"बाई, आवो बाई, ते जड शे!" उखा ओरडला. भंगार गोळा करणारा उखा आता पन्नाशीचा होता. पण चौथीपर्यंत तो त्यांच्याच वर्गात बसला होता, त्यामुळे आडवं येण्याचं धाडस त्याला झालं नाही. उलट त्यानेच खोका उचलून ओट्यावर आणून दिला. "भावेशभाऊनीच दिधं. मी काही चोरी नही करी."

"तुला कोण म्हणतंय? ज्याने दिलं त्याला विचारते."

ज्याने दिलं तो दारातच उभा होता. भावेश, त्यांचा नातू, हातात मोबाइल.

"आजी, चौदा वर्षं झाली त्या कॉम्प्युटरला. नवीन विंडोज त्यावर चालत नाही, जुन्याला आता कोणी विचारत नाही. शहाद्याचा दुकानदार म्हणाला, भंगारात टाका."

"बिघडलाय का?"

"बिघडला नाही. जुना झालाय."

"म्हणजे चालतो."

"चालतो, पण..."

"चालत्या वस्तूला भंगारात टाकायची रीत कधीपासून आली या घरात? आणि कोणाला विचारून?"

निवृत्त झाल्या त्या वर्षी जसोदाबाईंनीच तो घेतला होता. शहाद्याहून टेम्पोत आणताना तो हलू नये म्हणून मांडीवर गोधडी घालून वर मॉनिटर धरला होता. भावेश तेव्हा पहिलीत होता. हे काही त्या बोलल्या नाहीत. भावेश आत निघून गेला आणि उखा हातगाडी ढकलत केळीच्या मळ्याच्या वळणाला लागला, तरी त्या ओट्यावर उभ्याच होत्या. त्यांचा खरा राग कॉम्प्युटरवरून नव्हता. तो आदल्या दिवसाचा होता.

शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि स्मरणिका निघणार होती. तीत माजी विद्यार्थ्यांची यादी होती. सातवी पास झालेल्यांची. जसोदाबाईंनी याच शाळेत चौतीस वर्षं शिकवलं होतं. यादीत मुली किती आहेत ते त्यांनी मोजलं आणि चष्मा काढून ठेवला. ज्या दुसरीत, तिसरीत, चौथीतच शाळेतून गेल्या, त्यांची नावं कुठे होती? शाळेचे जुने पट रद्दीत गेले होते. पण जसोदाबाईंना प्रत्येक वर्षीची हजेरी क्रमाने पाठ होती, जशी काहींना आरती पाठ असते. त्यांनी आठ दिवस बसून चार वह्या भरल्या. दोनशे चौदा मुली.

वह्या घेऊन त्या गिरधरकडे गेल्या. गिरधर स्मरणिका समितीचा अध्यक्ष. त्यांचाच विद्यार्थी, बागायतदार, ऊसतोडीच्या टोळ्या ठेवणारा.

"बाई, हातानं लिहिलेलं छापखाना घेत नाही. सॉफ्ट कॉपी लागते. रविवारपर्यंत."

"मग करून घ्या."

"एवढी नावं कोण बसून टाइप करील, बाई? आणि वाचणार कोण?"

घरी येऊन त्यांनी वह्या भावेशला दिल्या. संध्याकाळी त्याने मोबाइलवर केलेली यादी दाखवली. अकरा नावं होती आणि खाली लिहिलं होतं, 'व इतर'.

"इतर कोण?" जसोदाबाईंनी विचारलं होतं.

भावेश हसला होता.

ओट्यावरून खाली उतरून त्यांनी शेजारच्या पोरीला हाक मारली आणि लोणखेड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पुतण्याला, हेमकांतला, फोन लावायला सांगितलं.

हेमकांत दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खोका उघडून त्याने ब्रशने धूळ काढली. आतून वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि हळदीचे गोळे निघाले. दर दसऱ्याला ट्रॅक्टर, पंप आणि कॉम्प्युटर एकाच ताटाने पुजले जात.

"देवानंच वाचाडं, काकू," हेमकांत म्हणाला. "मशीन चांगलं शे. मेमरी कमी शे, पण याच्यावर विंडोजनी जागावर लिनक्स चढी जाई. फुकट."

"फुकट कोण देतं?"

"ज्यानी बनाडं, त्यानीच. जगभरना लोक मिळीसन बनावतंस. कोणीबी घ्या, वापरा, सुधारा, दुसराले द्या."

जसोदाबाई म्हणाल्या, "म्हणजे लग्नातल्या भांड्यांसारखं."

"कशी भांडी?"

"तुला कुठून माहीत असणार! पूर्वी लग्न निघालं की गावाची भांडी यायची. पातेली, झारे, पराती. कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाहीत. लग्न उरकलं की घासून पुढच्या घरी. कोणाकडे फुटलं तर तो जोडून देई. आता केटररवाला येतो आणि ताटामागे पैसे लावतो. आणि त्याला प्रगती म्हणायचं."

हेमकांतने हसत पेनड्राइव्ह पुढे केले. तीन होते. लिनक्सचेच तीन प्रकार: उबुंटू, मिंट आणि लुबुंटू. आधी काहीही न बसवता तिन्ही चालवून बघता येतील, मग आवडेल ते ठेवू, असं त्याने सांगितलं. दारातून भावेश म्हणाला, "त्यापेक्षा लहान मुलांचं एक येतं. मोठी मोठी चित्रं असतात. आजीला ते बरं."

जसोदाबाईंनी वळूनही बघितलं नाही. "हेमकांत, सुरू कर."

पहिला सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. पानावर लिहिण्याची जागा उघडल्याचं हेमकांतने सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकोणतीस."

"काय एकोणतीस, काकू?"

"एकोणऐंशी सालची तिसरीची हजेरी घेत होते. एकोणतिसाव्या नावापर्यंत आले. अडतीसच मुलं होती वर्गात. एवढ्या वेळात माझा वर्ग शिकून घरी जाईल."

मिंट सोळाव्या नावाला उघडलं. दिसायलाही छान होतं. हेमकांतला वाटलं, आता झालं. पण बाईंनी तिसरं लावायला सांगितलं, आणि लुबुंटू दहाव्या नावाला उघडलं.

"हे दिसाले साधं शे," हेमकांत म्हणाला. "मिंट देखणं शे, काकू. थोडं थांबनं पडी इतलंच."

"मला सून पसंत करायची नाहीये. रविवारपर्यंत दोनशे चौदा नावं घालायची आहेत. हेच ठेव."

त्याने ते बसवलं. बाईंनी शहाद्याच्या क्लासात त्र्याहत्तर साली शिकलेल्या मराठी टाइपरायटरची अक्षरं जिथे असत तिथेच यावीत, अशी व्यवस्था त्याने करून दिली. तक्ता आखून दिला. बाईंनी रकान्यांची नावं सांगितली: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, प्रवेशाचं वर्ष, शाळा सोडल्याचं वर्ष, कारण. पहिल्या दोन ओळी अडखळत झाल्या. तिसऱ्या ओळीला बोटं आपोआप चालू लागली.

त्या सकाळ-दुपार टाइप करत राहिल्या. जिथे शंका होती तिथे निरोप पाठवले. त्या मुलींतली एक विसरवाडीला हायवेवर चहाची टपरी चालवत होती. तिने फोनवर वडिलांचं नाव दुरुस्त करून दिलं आणि मग बराच वेळ नुसती हसत राहिली. दोघी वारल्या होत्या. कारणाच्या रकान्यात बाई लिहीत होत्या: लग्न. धाकटी भावंडं. ऊसतोड. लग्न. प्रत्येक वेळी कळ जरा जोराने दाबली जात होती. या आईबापांना, या गावाला, गिरधरच्या समितीला त्या मनातल्या मनात जाब विचारत होत्या.

शुक्रवारी दुपारी फुलीबाई आली. तिचा पत्ता त्यांना शोधावा लागला नव्हता. ती गावातच, नाल्यापलीकडच्या वस्तीत राहत होती. पंचावन्नची असेल. दारात चपला काढून ती खाली बसू लागली, तेव्हा बाईंनी खुर्ची ओढून दिली.

"हाई मन्हं नाव शे का?" पडद्याकडे बघत फुलीबाईने विचारलं.

"हे बघ. फुली दलसिंग. प्रवेश अठ्ठ्याहत्तर. छापून येणार आहे. आता सांग, शाळा कोणत्या वर्षी सोडलीस?"

"मी कोठे सोडी, बाई?"

"अगं, तिसरीत सोडलीस ना?"

"सोडी नही." फुलीबाईने पदर सारखा केला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाव विचारल्यावर सांगावा तसं ती सांगत होती. "दिवाळी झायी का आम्ही गुजरातमां उसतोडले जाऊत. होळीले परत उनूत. दुसरा दिन मी साळामां उनू. तुमनी हजेरी लिधी. मन्हं नाव उनंच नही. दोन दिन बठी ऱ्हायनू. वाटनं, आज येई, सकाय येई. तिसरा दिन बकऱ्या लई गवू."

बाईंचा हात कळफलकावर होता तिथेच राहिला.

"साहेब येवाना व्हतात तपासनीले," फुलीबाई म्हणाली. "तुम्ही लाल पेन लई बठेल व्हत्या. आम्ही परत उनूत त्याच दिन मी खिडकीमाईन देखं. तवय कळनं नही. मंग मन्ही पोरगीनी साळा उनी, तवय कळनं." ती हसली. "चांगल्या शिकाडेत तुम्ही. 'फ' माले आजून येस."

महिनाभर मूल आलं नाही की नाव कमी करायचं, ही वहिवाट होती. नाव पटावर राहिलं की हजेरीची टक्केवारी पडे, आणि टक्केवारी पडली की साहेब सगळ्यांसमोर बोलत. हेडमास्तर सांगत, सगळेच करत. होळीनंतर पोरं परत येत, तेव्हा पुन्हा नाव घालायला आईबापांनी अर्ज करावा लागे. आईबापांना अर्ज कुठून यावा? हे सगळं जसोदाबाईंच्या जिभेवर आलं. फुलीबाई वाट बघत होती, पण अशा उत्तराची नव्हे. तिला आपलं नाव अजून एकदा बघायचं होतं. बाईंनी ते तिला मोठं करून दाखवलं. मग चहा टाकला, स्वतःच.

ती गेल्यावर त्या पडद्यासमोर बसल्या. पहिल्या ओळीवर गेल्या आणि डोळे मिटले. हजेरी तीच होती, क्रम तोच. आता फक्त प्रत्येक नावापाशी थांबून त्या आणखी काहीतरी बघत होत्या. कितीतरी नावांवरून आडवी लाल रेघ गेलेली होती, आणि तिच्या टोकाशी छोटी सही. तीही त्यांना स्वच्छ आठवत होती.

शनिवारी संध्याकाळी हेमकांत फाइल घ्यायला आला. पेनड्राइव्ह लावण्याआधी त्याने तक्ता वरून खाली सरकवला. चौथ्या रकान्याचं शीर्षक बदललेलं होतं: नाव कमी केल्याचं वर्ष. पाचवा रकाना 'कारण' नव्हता. तिथे होतं: नाव कोणी कमी केलं. काही ओळींत जुन्या गुरुजींची नावं होती, काहींत 'आईवडिलांनी'. आणि सत्त्याऐंशी ओळींत एकच नाव होतं. हेमकांतने ते मोजलं नाही. तळाशी बेरीज लिहिलेली होती.

त्याने बोट कळफलकावर ठेवलं.

"काकू," तो प्रमाण मराठीतच म्हणाला, वर्गात उभा असल्यासारखा, "यादी तर पूर्ण आहे. हा शेवटचा रकाना मागितलाय कोणी? पूर्ण गाव वाचेल. गिरधरभाऊ स्टेजवर तुमचा सत्कार ठेवणार आहेत. मी एवढा एकच रकाना कमी करतो."

जसोदाबाई ताडकन उठल्या. मघापर्यंत थकलेला चेहरा लालबुंद झाला होता.

"हात लावू नकोस. पुष्कळ कमी करून झालंय."

हेमकांतने बोट कळफलकावरून काढलं, फाइल होती तशी उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकून गुंडी लावली. बाई त्याच्या खिशाकडे बघत होत्या. मोटरसायकल लोणखेड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या ओट्यावर उभ्या राहिल्या.