बरोबरची खूण

सेकेसाई आजींच्या वहीतली ती निळी खूण कशाची, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

साकुब्वा या आमच्या वस्तीतल्या दवाखान्यामागे आंब्याखाली एक लाकडी बाक आहे. ज्यांना 'फार विचार होतात', आमच्याकडे मनाच्या दुखण्याला असंच म्हणतात, ती माणसं तिथे आजींच्या शेजारी येऊन बसतात. आजी आधी घरच्यांची चौकशी करतात, मग कोंबड्यांची, आणि मग मूळ गोष्टीला हात घालतात. त्याचं शिक्षण त्यांनी रीतसर घेतलंय. मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन इथे लागले तेव्हा बाकापुढची रांग फाटकापर्यंत जायची.

मग मोबाइलवरचा चॅटबॉट आला. आपल्या भाषेत लिहायचं, तो लगेच उत्तर देतो. नाव नाही, पत्ता नाही.

"त्याचं देवक काय गं?" आजींनी विचारलं होतं. "सिंह, माकड, काहीतरी असेलच."

"त्याला देवक नसतं, आजी."

"मग त्याला हाक काय मारायची? बिनकुळाच्या माणसाच्या हाती मी माझी मांजरसुद्धा देत नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले.

माझं काम तुलनेचं होतं. बाकावर किती जण बरे होतात, मोबाइलवर किती. अडचण एकच होती: दोन्हीकडे बरीच माणसं दोन-चार वेळा बोलतात आणि मग गप्प होतात. ती बरी झाली म्हणायची की नाही? मी आजींच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. यायची थांबलेल्या दर दहातल्या नऊ नावांपुढे बरोबरची निळी खूण होती. म्हणजे माणूस बरं वाटल्यावर यायचं थांबतो, असं मी ठरवलं. त्यावरून नियम केला: मोबाइलवर चौदा दिवस कोणी काही लिहिलं नाही, तर 'बरं वाटलं' असं धरायचं. मला तो नियम आवडला होता. पुराव्यावर उभा होता.

माय तादिवाला, म्हणजे तादिवाच्या आईला, मोबाइलकडे मीच वळवलं. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, बाजारात जुने कपडे विकते. सातव्या महिन्यात तिचं दुसरं मूल पोटातच गेलं होतं. दोनदा ती रांगेत उभी राहिली आणि नंबर यायच्या आधी निघून गेली.

"आजी आणि माझी सासू एकाच चर्चच्या," ती म्हणाली.

"आजी कुणाला सांगत नाहीत."

"सांगत नाहीत गं. पण त्यांना माहीत असेल. रविवारी माझ्याकडे बघतील ना."

मी तिथेच तिच्या फोनवर सगळं चालू करून दिलं. आठवड्याने बाजारात तिने मला थांबवलं. "तुझा तो बरा आहे," म्हणाली. "मध्येच 'देवाची इच्छा' म्हणत नाही." त्या दिवशी मला फार छान वाटलं होतं.

महिनाअखेरच्या बैठकीत मी आकडे वाचले. बाकावर शंभरात अठ्ठावन्न बरे, मोबाइलवर एकाहत्तर. मोबाइलवरचे एक्केचाळीस जण गप्प झाले म्हणून बरे धरले होते. मुख्य सिस्टर खूश झाल्या. आजी मात्र बोटांवर मोजत बसल्या होत्या.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "कुणी पाहिले?"

मी त्यांना त्यांच्याच वहीतल्या खुणा दाखवल्या. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"पोरी, जो येत नाही त्याच्या फाटकाशी मी जाते. भाजीची जुडी घेऊन. माणूस उभं दिसलं, सकाळचं अंगण झाडलेलं दिसलं, की खूण."

"आणि उभं नसलं तर?"

"तर परत बाकावर आणते. उभं राहीपर्यंत खूण नाही."

हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुठल्या अहवालातही नव्हतं. 'बरं वाटलं'च्या रकान्यातलं एकच माणूस मला ठाऊक होतं: जिच्या फोनवर मी स्वतः सगळं चालू करून दिलं होतं, तिने सोळा दिवस काही लिहिलं नव्हतं. मी उठले. आजींनी कुणाकडे म्हणून विचारलं नाही. पिशवीतली पालेभाजीची जुडी काढून हातात दिली. "रिकाम्या हाताने गेलीस तर गल्ली विचारेल, कशाला आली."

माय तादिवाच्या अंगणात आंब्याची पानं थरावर थर साचली होती. मी आमच्या रीतीप्रमाणे फाटकाशी टाळ्या वाजवून हाक दिली. शेजारीण डोकावली. तिच्या कडेवर तादिवा होता. "आत आहे," ती म्हणाली. "पोराला मीच जेवू घालते."

माय तादिवा भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीला शिळा वास येत होता. मी खाली चटईवर बसले.

"फोन बंद पडला," ती म्हणाली. "तीन दिवस लाईट नव्हती. मग आली, पण उठून लावणं झालं नाही."

"शेवटचं काय लिहिलं होतंस?"

"मला उठवत नाही, असं. त्याने एक नंबर दिला फोन करायला. म्हणाला, मी इथेच आहे." ती माझ्याकडे वळली. "मला वाटलं, कुणाला तरी पाठवेल. तू आलीस म्हणजे त्यानेच पाठवलं ना?"

मी उठले. पाणी तापवलं, तिचं अंग पुसलं, पेज भरवली. ती चार घास जेवली. फोन चार्जिंगला लावला. मग मला तिच्यापुढे बसवेना, म्हणून बाहेर जाऊन सगळं अंगण झाडून काढलं.

दवाखान्यात परतले तेव्हा आजी बाकावर एकट्याच होत्या. मी नाव न घेता सांगितलं. आता मी रोज तिथे जाईन, असंही सांगितलं.

"आणि उरलेले चाळीस?"

"त्यांची घरं माहीत नाहीत, आजी. आपण विचारलंच नाही. विचारत नाही म्हणून तर ते लिहीत होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आत जाऊन एक्केचाळीस जणांपुढचं 'बरं वाटलं' खोडलं; एकीपुढे 'बरं नाही' आणि बाकी चाळिसांपुढे 'माहीत नाही' लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, असा अहवाल वर कसा पाठवायचा. मी म्हणाले, असाच. बाहेर आले तर आजींनी वहीचं कोरं पान उघडून पेन माझ्यापुढे धरलं होतं.

"अंगण झाडलेलं होतं का?"

"आता आहे."

"कुणी झाडलं?"

"मी."

आजींनी पेनाला टोपण लावलं.