धडधाकट

"एखादा दात हलतोय का?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

कंत्राटदारानं उपकार केल्यासारखं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. "यकृत बदलायचंय माझं. दातांचं काय काढलंत मध्येच?"

"उद्या तोंडावाटे अन्ननलिकेत एक नळी घालणार आहे मी. पोट उघडलेलं असताना हृदय कसं चाललंय ते त्या नळीमुळे मला पडद्यावर सारखं दिसतं. रक्ताची उलटी झाली होती कधी?"

"मोठे डॉक्टर कुठायत? त्यांनाच सांगेन मी काय ते."

बाईंचं आयुष्य पेशंटच्या उशाशी बसण्यात गेलं होतं. शुद्धीवर आल्यावर लोक सर्जनचे पाय धरतात आणि आपलं नावही त्यांना ठाऊक नसतं, याचं त्यांना केव्हाच काही वाटेनासं झालं होतं. पण हा माणूस त्यांच्या डोक्यात गेला. स्वतःचं यकृत दारूत बुडवून आलेला आणि तोरा असा, की जणू हॉस्पिटल याच्या बापानं बांधलंय.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याचा धाकटा भाऊ बसला होता. कुलपं दुरुस्त करायचा. बाप गेल्यावर थोरल्यानं त्याला बायको-मुलीसकट घराबाहेर काढलं होतं. आता त्याच्याच यकृताचा तुकडा थोरल्याला बसवायचा होता.

"जरासंच काढणार याचं, तेही परत वाढतं म्हणे," कंत्राटदार म्हणाला. "ए, पाणी दे रे."

भाऊ उठला, पाणी दिलं, पुन्हा बसला.

बाईंनी त्याला बाहेर बोलावलं. "नाही म्हणायचं असेल तर अजूनही म्हणा. तब्येतीचं काहीतरी कारण मी पुढे करीन. कुणाला कळणार नाही."

"नाही म्हणायचं नाहीये, मॅडम."

बाई निघून गेल्या. एक माजोरी आणि दुसरा लाचार, एकाच आईच्या पोटचे. कुणाची कीव करण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावाच्या यकृताचा तुकडा शेजारच्या थिएटरमधून आला. सर्जननं तो जोडला आणि शिरेवरचा चिमटा काढला. नव्या यकृतातून गार रक्त सुटून हृदयाकडे धावलं. बाई पडद्यावरच बघत होत्या. हृदयाची उजवी बाजू फुग्यासारखी ताणली गेली आणि तिची भिंत हलेनाशी झाली. रक्तदाब कोसळला.

"चिमटा अर्धा लावा परत."

"माझ्याकडे सगळं ठीक आहे," सर्जन मान वर न करता म्हणाला.

"तुमच्याकडे असेल. इकडे हृदय बसतंय. लावा."

सर्जननं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत चिमटा लावला. बाईंनी औषधं सोडली, पुन्हा सोडली, आणि पडद्यावरची नजर हलवली नाही. हळूहळू भिंत आकसली. मग पुन्हा. ठोक्यांत जोर आला. मग चिमटा थोडा थोडा सैल करवून घेतला. तोवर हे हृदय कोणाचं आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आठवलं तेव्हा झडपा स्वच्छ उघडमीट करत होत्या, सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. असल्या माणसाला असलं हृदय. बाईंना अक्षरशः चीड आली.

आठवड्यानं त्या वॉर्डात गेल्या. कंत्राटदार लोडाला टेकून बसला होता, गालांवर रंग आला होता.

"नळी घालणाऱ्या त्या तुम्हीच ना? घसा सोलून ठेवलात माझा. मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलंय मी."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "भावाला भेटलात?"

"असेल की इथेच कुठेतरी."

त्याची बायको पायाशी बसली होती. तिनं मान खाली घातली.

भाऊ त्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत होता. घरी निघाला होता, शर्टाची बटणं लावत होता. मुलगी पिशवी घेऊन आधीच खाली रिक्षा बघायला गेली होती.

"त्यांना भेटून जाणार ना?"

"नाही."

"मग दिलंत कशाला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं शेवटचं बटण लावलं. "वहिनी मागायला आली तेव्हा दारात उभी राहून रडत होती. माझी पोरगी आत बसून बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिचा बाप कसला आहे ते तिला कळलं असतं. माझा भाऊ कसला आहे, ते मला ठाऊकच होतं." जरा थांबून म्हणाला, "आता तर त्याला माझं तोंडही बघवणार नाही. कुणाचे उपकार घेतलेले त्याला कधीच पचले नाहीत. त्याचं हृदय बघितलंत ना तुम्ही? कसं आहे?"

"धडधाकट आहे."

"बरं झालं."

बाईंनी हात पुढे केला. तो त्यानं धरला नाही, नुसती मान हलवली. एक हात पोटावर दाबून तो भिंतीच्या कडेनं चालू लागला. लिफ्टकडे जाताना थोरल्याची खोली लागत होती. दार उघडं होतं. उशी बदलून द्या म्हणून आतून कुणावर तरी खेकसणं चाललं होतं. भावाचं पाऊल अडखळलं नाही, घाईनंही पडलं नाही. टाके जेवढं चालू देत होते तेवढ्याच चालीनं तो ते दार ओलांडून गेला.