फळ्यावरची सहावी ओळ

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. दात घासायचा नव्हे आणि भिंतीला चुना फासायचाही नव्हे. मी पाट्या रंगवणारा ब्रश. खारीच्या शेपटीचे मऊ केस, त्यावर पितळेची पट्टी आणि वीतभर लाकडी दांडा, एवढाच माझा देह. कारखान्यात एक बाई आम्हा सगळ्यांचे केस चिमटीत धरून ओढून पाहायच्या. माझा एकही केस निघाला नाही. तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटतं, हे आधीच कबूल करतो.

मला विकत घेतलं ते समुद्राकाठच्या गावातल्या एका पेंटरने. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांचं दुकान म्हणजे शिंप्याच्या शेजारची एक चिंचोळी खोली. दवाखान्याच्या पाट्या, सलूनच्या काचा, होड्यांची नावं, सगळं आम्ही दोघांनी केलं. खडू फासलेला दोरा ताणून ते फळ्यावर रेघ उठवायचे, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचे आणि मग श्वास रोखून मला खाली उतरवायचे. लोक थांबून बघायचे. माझी छाती फुगायची.

काम संपलं की बाबा मला घासलेटमध्ये धुवायचे, मग साबणाने, मग दोन बोटांनी टोक जुळवून शर्टाच्या खिशात ठेवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आई म्हणायच्या, "अहो, आज रविवार आहे. त्या बिचाऱ्याला तरी घरी राहू द्या." बाबा हसायचे आणि मला घेऊनच निघायचे.

रविवारी हे तिघं समुद्रावर जात. त्यांची ठिकाणं ठरलेली होती. आईंना वाळूच्या टेकड्या आवडत, कारण तिथे वाऱ्याला पाठ करून बसता येई आणि कुणी काही मागत नसे. बाबांना खाडीचा काठ आवडे. तिथे लांब पायांचे पक्षी चिखलात एकेक पाऊल मोजून टाकत आणि बाबा म्हणत, "बघ, घाई नाही म्हणून रेघ चुकत नाही." आणि मुलीला आवडे ते डबकं. मुलीला घरात शिंपली म्हणत, कारण ती रुसली की तोंड गच्च मिटून बसायची आणि मग काही केलं तरी उघडायची नाही.

किनारा संपतो तिथे मधोमध चिरलेला एक मोठा खडक होता. पूर्ण ओहोटी लागली की तासभर त्याच्यामागे जायला वाट व्हायची. पलीकडे न्हाणीघराएवढं एक डबकं होतं. पाणी इतकं स्वच्छ की आधी वाटायचं, आत पाणीच नाही. तळाशी तारामासे असत, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे असत, आणि एका कपारीत नारिंगी रंगाचं एक समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं, पण तो जीवच. सावली पडली की सगळ्या पाकळ्या आत ओढून घ्यायचा. तो नारिंगी रंग मी कधीच कुठल्या डब्यात पाहिला नाही.

तिथला एक नियम शिंपलीनेच केला होता. कडेला पालथं झोपायचं आणि दोन्ही हात पाठीवर एकमेकांत अडकवून ठेवायचे, म्हणजे आत काही घालायचा मोहच नको. मग फूल उघडेपर्यंत गप्प राहायचं. पेंटरचं सगळं कुटुंब खडकावर पालथं पडलेलं आणि मी खिशातून निम्मा बाहेर डोकावलेला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास ते. मी तेव्हा काहीही रंगवत नव्हतो.

पुढे नगरपालिकेचे एक साहेब दुकानात आले. बसथांब्याजवळ मोठा फळा लावायचा होता, 'घरच्यांबरोबर किनाऱ्यावर कुठे जाल?' खाली पाच-सहा ठिकाणं लिहायची. बाबांनी फळा सहा ओळींच्या मापाने आखला. साहेबांची यादी आली ती पाचाची. मोठा किनारा, वाळूच्या टेकड्या, खाडीकाठ, दीपगृह, बंदराचा धक्का. पाच ओळी झाल्या आणि खालचा पट्टा मोकळा राहिला.

बाबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. परत आले. पुन्हा गेले. "खाली बोडकं दिसतंय," असं ते स्वतःशीच म्हणाले. दुसरा कुणी असता तर त्याने तिथे एखादी होडी काढून वेळ मारून नेली असती. पण बाबा पेंटर होते, सहा ओळींचं माप घेतलं की सहा ओळी हव्यात. आणि खोटं कशाला बोलू, ती मोकळी जागा मलाही सलत होती. बाबांनी मला रंगात बुडवलं आणि आम्ही सहावी ओळ लिहिली: फुटक्या खडकामागचं डबकं. इतकं सुबक लिहिलं की साहेबांनी बाबांची पाठ थोपटली. मी खुशीत होतो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

दुसऱ्या दिवशी शिंपली शाळेतून परतताना फळ्यापुढे थांबली. दुकानात आली ती दप्तर न उतरवताच.

"ते आपलं होतं ना, बाबा?"

"अगं, चांगली गोष्ट वाटून घ्यावी. दुसऱ्यांच्या मुलांनाही बघू दे की."

"सहावी ओळ नसती लिहिली तर?"

"मग फळा अपुरा दिसला असता, बाळा."

ती दप्तरासकट तशीच वळून घरी गेली. बाबांना वाटलं, पटलं.

लोक येऊ लागले. वाईट लोक नव्हते ते. आपल्यासारखेच, मुलांचा हात धरून आलेले. शेवाळावरून एक आजोबा घसरले, म्हणून बाबांनी मला पिवळ्या रंगात बुडवून खडकांवर बाण काढले. बाण नीट होते, कुणी चुकलं नाही. प्रत्येक घराने एकच तारामासा नेला. एकच शंख नेला. कुणी पाय धुतले, कुणी काडीने फुलाला हळूच टोचून पाहिलं. एकाने केलं तर काय होतंय, असं प्रत्येकाला वाटलं आणि एकेकाच्या जागी सगळं गाव येऊन गेलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका रविवारी शिंपली तिथे पालथी झोपली. हात पाठीवर. कपारीत फूल नव्हतं. कुणीतरी चाकूने खरवडून नेलं होतं, दगडावर ओरखडा दिसत होता. बाबा तिच्या मागे उभे होते आणि त्यांच्या छातीची धडधड मला खिशात ऐकू येत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. उठून गुडघे झाडले आणि म्हणाली, "चला, भरती येईल."

त्यानंतर ती बाबांबरोबर समुद्रावर गेली नाही. शिकायला मोठ्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली. फोन आईंना यायचा. बाबांनी हातात घेतला की "जेवलात का? तब्येत जपा," एवढंच. पुढे बोलायला दोघांनाही जमायचं नाही.

बाबा नगरपालिकेत गेले, सहावी ओळ पुसू द्या म्हणाले. साहेब हसले, "अहो, सगळ्यात जास्त गर्दी तिथेच तर असते." बाबांनी स्वतः जाऊन त्यावर पांढरा रंग दिला. आठवड्यात कुणीतरी कोळशाने ती पुन्हा लिहिली. मग ते दर रविवारी तारेचा ब्रश घेऊन खडकावरचे बाण घासत बसू लागले. बाण गेले, पण तोवर पायवाट पडली होती. मला त्यांनी नंतर रंगात बुडवलं नाही. पाट्या यंत्रावर छापून मिळू लागल्या होत्या, हे खरं. पण कारण ते नव्हतं. मी न धुताच खणात पडून राहिलो, केसांतला पांढरा रंग वाळून दगड झाला. माझी तक्रार नाही. मला ते रास्तच वाटलं.

वीस वर्षं गेली. बाबा अंथरुणाला खिळले आणि शिंपली आली. तिच्या केसांत पांढरी रेघ होती. दोन दिवस ती औषधं देत राहिली, उशी सारखी करत राहिली. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "तिथे आता काही आहे का गं? मला जाववत नाही."

"बघून येते."

"त्या खणातला ब्रश घेऊन जा. त्याला वाट पाठ आहे."

ओहोटीला आम्ही दोघं गेलो. तिने पदर खोचला आणि त्या कडेवर पालथी झोपली, हात पाठीवर. मी तिच्याशेजारी खडकावर होतो. खाली पाणी होतं, वाळू होती, बाटलीचं एक झाकण होतं. आणखी काही नव्हतं. सावली हलली तरी मिटणारं काहीच नव्हतं. तेव्हा मात्र ती रडली, लहान मूल रडतं तशी, पाणी पायाला लागेपर्यंत.

घरी येऊन तिने मला बाबांच्या उशाशी ठेवलं.

"आहे, बाबा. एक फूल आलंय."

"कोणत्या रंगाचं?"

"नारिंगी."

बाबांनी तिचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाले, "मग कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

ती औषध आणायला बाहेर गेल्यावर बाबांनी आईंना जवळ बोलावलं. "फूल नाहीये तिथे. रंग सांगताना तिनं मान खाली घातली. पण माझ्यासाठी बोलली गं ती. मला कळलं हे तिला सांगू नकोस." आईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. चौथ्या दिवशी बाबा गेले. वर्षभरात आईही गेल्या. ती गोष्ट त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे पोटातच ठेवली.

आता मी शिंपलीच्या स्वयंपाकघरात, खिडकीतल्या पेल्यात उभा असतो. कधी कधी भांडी घासता घासता ती मला उचलते आणि विचारते, "शेवटी शेवटी बाबांशी खोटं बोलले रे मी. चुकलं का माझं?" मित्रांनो, उत्तर मला ठाऊक आहे. पण मला फक्त लिहिता येतं, आणि तेही कुणाच्या हाताने.

तुम्हाला तोंड आहे, हातही आहेत. समुद्रावर गेलात की पाण्याकडे बघा आणि हात आवरा. जे जिथे राहतं ते तिथेच राहू द्या. आणि घरात कुणाचं चुकलं असेल, तर त्याच्याशी बोला. आजच बोला, तो समोर बसलेला आहे तोवर.